इनबॉक्समधे चौदा हजार मेल? बसा वाईच, जोडणी लावूया

परवा मामांच्या दुकानात गेलतो, सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीचं काम आहे त्यांचं. बसल्या बसल्या म्हणाले, "बघ की रे जरा, बँकेवाला म्हणतोय मेल टाकलाय, मला तर काय सापडंना." कॉम्प्युटरवर त्यांचं जीमेल उघडलं तर इनबॉक्सच्या पुढं आकडा १४ हजार तीनशे कितीतरी. न वाचलेले हं, वाचलेले वेगळेच. रिचार्जच्या ऑफरी, क्रेडिट कार्डवाले, कुठल्यातरी लग्नाच्या साइटवरची स्थळं (मामांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, ते खातं चुलतभावासाठी काढलेलं, त्याला आता दोन पोरं आहेत तरी स्थळं येतातच), आणि ह्या सगळ्या ढिगाऱ्यात कुठंतरी बँकेचं रिन्यूअलचं पत्र.

सापडलं अर्ध्या मिनिटात, कसं ते पुढं सांगतो. पण तेवढ्यात शेजारच्या पेढीवरचे दोघं पण फोन घेऊन आले, माझं पण बघ माझं पण बघ, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. मी विश्रामबागेत एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात आहे, बारा वर्षं झाली. कॉम्प्युटरचा इंजिनिअर बिंजिनिअर काय नाही, पण साठ-सत्तर पार्ट्यांचे (म्हणजे गिऱ्हाइकांचे) मेल आणि त्यांच्या तारखा सांभाळायच्या म्हणजे आपोआप शिकतो माणूस, आणि काही गोष्टी तर मार खाऊनच शिकलोय. मी सगळं जीमेल आणि गूगल कॅलेंडरचं सांगतोय कारण आपल्याकडं बहुतेकांकडं तेच असतं. आउटलुकवाल्यांनी पण वाचा, नावं वेगळी असली तरी रीत तीच.

वाचलेला मेल जास्त धोक्याचा

लोकांना वाटतं न वाचलेले मेल म्हणजे डोकेदुखी. माझं मत उलटं आहे. न वाचलेला मेल निदान ठळक अक्षरात दिसत तरी असतो, वाचलेला गप जाऊन खाली बसतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्या एका बेदाण्याच्या पार्टीला जीएसटीची नोटीस आली, रिटर्नमधला फरक का आला ते कळवा म्हणून, मुदत तीस दिवसांची. मेल आला तेव्हा मी गाड्यावर भडंग खात उभा होतो, एका हातात कागद, दुसऱ्या हातानं मेल उघडला, वाचला, म्हटलं ऑफिसात गेल्यावर बघू. ऑफिसात गेलो तर दुसरं काहीतरी निघालं. मेल वाचलेला असल्यामुळं ठळक नाही, वर पन्नास नवीन येऊन पडले, आणि एकतिसाव्या दिवशी पार्टीचाच फोन, काय झालं हो त्या नोटिशीचं. पुढचं सांगत नाही, साहेब जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

चूक मेलची नव्हती, मी इनबॉक्सलाच कामाची यादी समजत होतो ही चूक. तहसील कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर बघितलंय का, बारनिशी म्हणतात त्याला. पत्र आलं की तिथं नोंद होते आणि पत्र पुढं टेबलावर जातं, रजिस्टरवर बसून कोण त्या पत्राचं काम करत नाही. (टेबलावर गेल्यावर पुढं काय होतं हा वेगळा विषय.) इनबॉक्स म्हणजे ती आवक. मेल उघडला की त्याच वेळी ठरवायचं, ह्यात तारीख आहे का? असेल तर ती लगेच कॅलेंडरवर गेली पायजे. दोन ओळींचं उत्तर असेल तर आत्ताच देऊन टाका. आणि काहीच करायचं नसेल तर आर्काइव्ह करा, म्हणजे इनबॉक्समधनं जातो पण डिलीट होत नाही, ऑल मेलमधे राहतो आणि सर्च केला की परत सापडतो. लोक आर्काइव्हला का घाबरतात कळत नाही, डिलीट मात्र बिनधास्त करतात.

कॉम्प्युटरवर मेल उघडा असताना वर तीन टिंबं असतात, तिथं 'क्रिएट इव्हेंट' म्हणून आहे. ते दाबलं की मेलचा विषय आणि मजकूर घेऊन कॅलेंडरची नोंद तयार होते, तारीख तेवढी बरोबर टाकायची. मला हे एवढं एक बटण त्या नोटिशीच्या वेळी माहीत असतं तर भडंग गोड लागलं असतं.

आणि आज नको पण सोमवारी बघायचाय असा मेल असेल तर 'स्नूझ', घड्याळाचं चिन्ह असतं. मेल इनबॉक्समधनं गायब होतो आणि दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळेला परत वर येऊन उभा राहतो. उधारी मागायला येणाऱ्या माणसागत. फक्त सवय लावून घेऊ नका, मी एक मेल अकरा वेळा स्नूझ केलाय.

जुना ढीग उपसत बसू नका

चौदा हजार मेल एकेक बघून डिलीट करायला बसलात तर दोन रविवार जातील आणि तिसऱ्या रविवारी कंटाळून सोडून द्याल. त्यापेक्षा सरळ सर्चच्या पट्टीत 'इन:इनबॉक्स ओल्डर_दॅन:१एम' असं टाका. मी देवनागरीत लिहितोय पण तुम्ही हे इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यात टाइप करायचं, कोलनच्या पुढं मोकळी जागा सोडायची नाही, ओल्डर आणि दॅनच्या मधे खालची रेघ. एम म्हणजे मंथ. महिन्यापेक्षा जुने सगळे मेल समोर येतील. वर डावीकडं चौकोनात टिक केली की त्या पानावरचेच पन्नास सिलेक्ट होतात, आणि वर एक बारीक ओळ येते, ह्या सर्चमधे बसणारे सगळे सिलेक्ट करू का म्हणून, ती दाबायची, मग आर्काइव्ह. चौदा हजार मेल दोन-चार मिनिटात बाजूला. एकपण डिलीट झालेला नाही. मामांचा चेहरा बघण्यासारखा झालता, म्हणाले गेले काय रे सगळे? मग परत काढून दाखवावे लागले.

सापडत नाही म्हणजे शोधता येत नाही

बँकेचा मेल अर्ध्या मिनिटात कसा सापडला ते आता सांगतो. लोक सर्चमधे नुसतं 'बँक' टाकतात, मग दीड हजार मेल येतात. मी टाकलं 'फ्रॉम:', पुढं बँकेच्या नावातला एक शब्द, मग जागा सोडून 'हॅज:अटॅचमेंट', मग 'न्यूअर_दॅन:१५डी'. म्हणजे ह्या बँकेकडनं आलेला, सोबत फाइल असलेला, पंधरा दिवसांतला. तीनच मेल आले, त्यातला दुसरा.

एवढे तीन-चार शब्द पाठ झाले तर रग्गड झालं. 'फाइलनेम:पीडीएफ' टाकलं तर नुसत्या पीडीएफवाले येतात. 'आफ्टर:' आणि 'बिफोर:' पुढं वर्ष/महिना/दिवस टाकला की मधल्या काळातले. गेल्या आर्थिक वर्षातली एखाद्या पार्टीची बिलं काढायची तर हेच वापरतो, एका ओळीत, ह्या १ एप्रिलपासनं पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंत. आणि कुणी म्हणालं की मी पाठवलाय आणि तुम्हाला दिसत नाही तर 'इन:एनीव्हेअर' टाकून बघा, कारण साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅशमधे बघतच नाही, आणि त्या दोन्हीतले मेल ३० दिवसांनी कायमचे जातात. म्हणजे भांडण लांबवू नका, महिन्याच्या आत शोधा.

फिल्टर एकदाच लावा

हे कॉम्प्युटरवरच करा, मोबाइलच्या ॲपमधे फिल्टर बनवता येत नाही. सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो. 'फ्रॉम'मधे कोणाचा मेल ते टाका, खाली 'क्रिएट फिल्टर', मग तो विचारतो ह्या मेलचं काय करू. इथं दोन वेगळ्या प्रकारची जोडणी लावायची.

ज्याच्याकडनं आलेलं चुकून चालणार नाही, म्हणजे जीएसटी, इन्कम टॅक्स, बँक, पोरांची शाळा, तिथं लेबल (मेलवर लावायची नावाची चिठ्ठी) लावा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा. आणि जे वाचायचं नसतं पण ठेवायचं असतं, म्हणजे लाइटबिल, फोनचं बिल, डीमॅटची स्टेटमेंटं, तिथं लेबल लावून 'स्किप द इनबॉक्स'. हे मेल आवकेत न येता थेट आपल्या खणात जाऊन पडतात. खाली अजून एक टिक असते, आधीच आलेल्या मेलना पण हा फिल्टर लाव म्हणून, ती विसरू नका, जुनं सगळं पण एका झटक्यात लागतं.

लेबलं भाराभर करू नका राव. आमच्या ऑफिसात आधी एकानं प्रत्येक पार्टीचं वेगळं लेबल, त्यात वर्षाचं, त्यात महिन्याचं असं केलतं, दोनशेच्या वर झाली, कुठं काय ठेवलंय ते त्याला पण सापडंना. सर्च एवढं चांगलं असताना खणात खण कशाला. माझ्याकडं आठ आहेत.

जाहिरातींचं काय, तर फिल्टर लावायच्या आधी अनसबस्क्राइब करून बघा. जे कोण दिवसाला ५ हजारांच्या वर जीमेलवाल्यांना मेल टाकतात त्यांना गूगलनं २०२४ पासून एका क्लिकमधे बाहेर पडायची सोय द्यायची सक्ती केली आहे, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ते दिसतं. पण हे ओळखीच्या कंपन्यांचंच करा. कुठल्या अनोळखी भामट्याचा मेल असेल तर त्यातल्या लिंकवर अनसबस्क्राइब दाबणं म्हणजे मी घरात आहे असं चोराला ओरडून सांगणं, तिथं सरळ रिपोर्ट स्पॅम.

अजून एक खुबी, जीमेलच्या पत्त्यात नावाच्या पुढं प्लसचं चिन्ह टाकून काहीपण लिहिता येतं, मेल तुम्हालाच येतो. नाव प्लस लाइट, नाव प्लस शाळा असं. मग त्या पत्त्यावर फिल्टर लावला की झालं, आणि कुणी तुमचा पत्ता विकला तर कोणी विकला ते पण कळतं. काही पोर्टलं प्लस घेत नाहीत, तिथं गप साधा टाका.

आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आपण सांगलीकर हेच विचारतो की नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. तसंच वर्षात दोन-चार वेळा आपल्या गूगलच्या खात्याचं पाणी बघा. फुकटात १५ जीबी मिळतात, पण ते नुसत्या मेलला नाहीत, ड्राइव्ह, फोटो आणि मेल सगळ्याला मिळून. आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी ह्यात मोजत नव्हते, आता मोजतात.

मग काय होतं बघा. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ बॅकअपमधे, पोराच्या वाढदिवसाचे हजार फोटो, सगळं मिळून १५ भरले की नवीन मेल येणंच बंद. येत नाही म्हणजे तुम्हाला काय कळत नाही, पाठवणाऱ्याकडं परत जातो. तिकडं बँक म्हणणार आम्ही मेल टाकलाय, इकडं तुम्ही म्हणणार आला नाही, आणि कारण काय तर कुणाच्यातरी काकांनी पाठवलेला सूर्योदयाचा व्हिडिओ.

मेलमधला फुगा काढायचा तर 'लार्जर:१०एम' असं सर्च करा, १० एमबीपेक्षा मोठे मेल येतात. (इथला एम मात्र मंथचा नाही, एमबीचा.) नको ते डिलीट करा आणि नंतर ट्रॅश पण रिकामा करा, तोपर्यंत जागा सुटत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधनं व्हिडिओ वगळायची सोय त्याच्या सेटिंगमधेच आहे, सगळ्यात आधी ती लावा.

आता कॅलेंडर, खरी मजा इथं आहे

घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईनं दुधाचा खाडा, सिलिंडर लावलेली तारीख, भिशीचा नंबर सगळं बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, आणि तिचं कधी काय चुकत नाही. का, तर ते स्वयंपाकघरात समोर असतं आणि सगळ्या घराला दिसतं. फोनमधल्या कॅलेंडरकडनं पण आपल्याला एवढंच पायजे, ते समोर आलं पायजे आणि ज्याला ज्याला लागतं त्याला दिसलं पायजे. फोनच्या पहिल्या पानावर त्याचं विजेट ठेवा, हे सगळ्यात आधी.

मग एकदा शांतपणे बसून वर्षाच्या ठरलेल्या तारखा टाका. व्यापाऱ्याच्या घरात काय काय असतं, टीडीएस भरायची ७, महिन्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) करणाऱ्याला ११, ३बीला (कर भरायचं रिटर्न) २०, तिमाहीवाल्यांना आपल्या महाराष्ट्रात २२. नोंद करायची, 'रिपीट'मधे मंथली निवडायचं (तिमाहीवाल्यांनी दर तीन महिन्यांनी), आणि नोटिफिकेशन एक नाही, दोन लावायचे, एक पाच दिवस आधी आणि एक आदल्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशीचा एकच लावला तर त्याचा उपयोग फक्त घाबरायला होतो, बिलं गोळा करायला वेळ मिळत नाही. ३बी चुकली तर रोजचे ५० रुपये लेट फी, काहीच उलाढाल नसली तरी २०, व्याज वेगळं. दोन नोटिफिकेशन फुकट आहेत.

इथं एक फसगत आहे, ती मी स्वतः खाल्लेली. टीडीएसचं तिमाही रिटर्न ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. मी ३१ जुलैला नोंद केली आणि दर तीन महिन्यांनी रिपीट लावलं. जुलै, ऑक्टोबर, जानेवारी बरोबर आलं, पुढचं यायला पायजे एप्रिलमधे, एप्रिलला ३१ तारीख नाही, तर गूगल कॅलेंडर ३०ला ढकलत बिकलत नाही, सरळ उडी मारून पुढं जातं. आणि मेमधे तर ते येणारच नव्हतं, कारण मार्चच्या तिमाहीला एक महिना जास्त देतात. तवा अशा ठिकाणी चार वेगळ्या नोंदी आणि प्रत्येकीला वर्षातनं एकदा रिपीट. ॲडव्हान्स टॅक्सला मात्र दर तीन महिने चालतं, १५ जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, तिथं काय भानगड नाही. महिनाअखेरचं कुठलंही काम असेल तर ३१ला मंथली लावूच नका, वर्षातनं सातच वेळा वाजेल, २८ला लावा.

सरकार कधी मुदत वाढवतं, तेव्हा तेवढी एकच नोंद पुढं सरकवा. कॅलेंडर विचारतं की फक्त हीच बदलू, की ही आणि पुढच्या सगळ्या, तिथं घाईत 'ऑल इव्हेंट्स' दाबलात तर मागचं-पुढचं सगळं वर्ष हलतं. एकदा आमच्याकडं असं झालं आणि दर महिन्याची ३बी २४ तारखेला जाऊन बसली, बरं झालं दुसऱ्याच दिवशी दिसलं.

तिथीचं काय करायचं

हा प्रश्न मला आत्यानं विचारला, आणि खरं सांगतो, मला वाटलं तेवढा सोपा नव्हता. आजोबांचं श्राद्ध, गावची जत्रा, संकष्टी, घरचा गणपती, ह्या कशालाच तारखेनं दरवर्षी रिपीट चालत नाही. गणेश चतुर्थीच बघा, २०२३ला १९ सप्टेंबर, २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट. साधारण अकरा दिवस अलीकडं येत येत जाते आणि अधिक महिना आला की परत पुढं ढकलली जाते, २०२३ला अधिक श्रावण होता म्हणून तर त्या वर्षी गणपती एवढे उशिरा आले. ह्याला इयरली लावलंत तर दुसऱ्याच वर्षी कॅलेंडर म्हणणार आज गणपती, आणि तुमचे गणपती विसर्जन होऊन गेलेले.

आम्ही घरी काय करतो, पाडव्याला नवीन पंचांग आलं की दुपारी श्रीखंडपुरीनंतर (म्हणजे झोप यायच्या आत) आई वाचते आणि मी टाकतो. वर्षाच्या पंधरा-सोळा नोंदी होतात, रिपीट कशालाच नाही. 'घरचं' म्हणून वेगळं कॅलेंडर काढलंय आणि त्याला केशरी रंग दिलाय. अर्धा तास लागतो. आणि पुढच्या पाडव्याला परत बसायचंय ह्याची नोंद पण त्यातच शेवटी टाकायची.

दुसऱ्याला दाखवायचं तर

वेगळं कॅलेंडर काढायचा खरा फायदा इथं. ऑफिसचं वेगळं, घरचं वेगळं, मग प्रत्येक कोणाला दाखवायचं ते वेगळं ठरवता येतं. हे पण कॉम्प्युटरवरनंच करा, डावीकडं कॅलेंडरच्या नावाशेजारी तीन टिंबं, 'सेटिंग्ज अँड शेअरिंग', तिथं माणसाचा मेल टाकायचा आणि त्याला काय करता येईल ते निवडायचं. नुसतं रिकामा-गुंतलेला एवढंच दिसावं, की सगळं वाचता यावं, की बदलता पण यावं. घरच्या कॅलेंडरला बायकोला बदलायचा हक्क द्या, नाहीतर ती तुम्हाला फोन करून सांगणार हे टाक आणि तुम्ही विसरणार. ऑफिसात मात्र सगळ्यांना बदलायचा हक्क देऊ नका, आमच्याकडं तो दोघांनाच आहे.

काम झालं हे कसं कळायचं? कॅलेंडरची नोंद होऊन गेली की गप मागं जाते, काम केलं काय न केलं काय. एकट्याचं काम असेल तर नोंदीऐवजी 'टास्क' करा, टास्क टिक मारेपर्यंत मागं लागतो. पण टास्क दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून ऑफिसात आम्ही साधं करतो, रिटर्न भरलं की त्या दिवसाच्या नोंदीच्या नावापुढं 'झालं' आणि भरणाऱ्याचं नाव. साहेब केबिनमधनं नुसतं स्क्रीन बघतात आणि ज्यापुढं 'झालं' नाही त्याच्या नावानं हाक मारतात.

कॅलेंडरमधे अचानक तुम्ही आयफोन जिंकलात बिंकलात अशा नोंदी दिसायला लागल्या तर घाबरू नका, फोन हॅक झाला नाही, कुणीतरी मेलनं आमंत्रण पाठवलंय आणि ते आपोआप चिकटलंय. सेटिंगमधे इव्हेंटच्या भागात 'ॲड इन्व्हिटेशन्स' म्हणून आहे, तिथं पाठवणारा ओळखीचा असेल तरच असं निवडा.

आणि पोरगं अमेरिकेत असलेल्यांसाठी, व्हिडिओ कॉलची वेळ दर रविवारी रात्री साडेआठ अशी आपल्या वेळेनं लावली तर तिकडं न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे अकरा होतात आणि हिवाळ्यात दहा, कारण मार्च आणि नोव्हेंबरमधे ते घड्याळं हलवतात. नोंदीत टाइम झोन निवडता येतो, ज्याची सोय महत्त्वाची त्याचा निवडा. बहुतेक घरात सोय नातवाची असते.

बारीकसारीक

'अनडू सेंड' आधीच चालू असतं पण पाचच सेकंद. सेटिंगमधे जनरलमधे जाऊन ३० करा आणि खाली जाऊन सेव्ह करा. चुकीच्या पार्टीला चुकीचा ताळेबंद पाठवल्याचं साधारण आठव्या सेकंदाला लक्षात येतं.

रात्री अकराला मेल लिहिलात तर लगेच टाकू नका, सेंडच्या शेजारी बाण आहे, 'शेड्यूल सेंड', सकाळी साडेनऊचा लावा. समोरच्याच्या इनबॉक्समधे वर दिसतो आणि तुम्हाला झोप नाही हे पण कळत नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा दोनशे गिऱ्हाइकांना 'टू'मधे टाकून पाठवू नका हो, हात जोडतो. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना जातात आणि मग एक जण रिप्लाय ऑल करून 'तुम्हालाही' म्हणतो. 'बीसीसी'त टाका. बीसीसी म्हणजे ब्लाइंड कार्बन कॉपी, कचेरीबाहेर टायपिंगवाले बसायचे ना, दोन कागदांमधे तो निळा-काळा कार्बन घालून, त्यातलंच नाव आहे हे. आणि साध्या जीमेलवरनं दिवसाला ५०० जणांच्या वर मेल जात नाही, त्यापुढं टाकलात तर एक दिवस गप बसवतं.

तेच तेच मेल लिहिता का, 'आपली बिलं १० तारखेपर्यंत पाठवावीत' वगैरे? सेटिंगमधे ॲडव्हान्स्डमधे 'टेम्पलेट्स' चालू करा. २५ एमबीच्या वरची फाइल मेलला चिकटत नाही, ड्राइव्हची लिंक जाते, मग समोरचा परवानगी मागतो, तुम्ही झोपलेले, म्हणून पाठवतानाच परवानगी देऊन टाका.

आणि मेल कोणाच्या नावावर आहे?

हे शेवटी सांगतोय पण खरं तर आधी बघा. यार्डातल्या कितीतरी पेढ्यांचा जीएसटीला नोंदवलेला मेल हा कधीकाळी सोडून गेलेल्या दिवाणजीचा नाहीतर जुन्या टॅक्सवाल्याचा असतो. नोटीस त्याला जाते, त्याला काय पडलेली नसते. पोर्टलवर जाऊन मेल आणि मोबाइल तुमचाच आहे का बघा, नसेल तर बदलून घ्या.

आणि त्या मेलला दोन टप्प्यांचं कुलूप लावा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. ते लावलं की गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते प्रिंट काढून ठेवा, आणि माळ्यावर ठेवा, खालच्या कपाटात नको. २०१९च्या ऑगस्टमधे गणपती पेठेत, मारुती रोडवर दुकानांत पाणी शिरलं तेव्हा आमच्या एका पार्टीच्या सात वर्षांच्या वह्या आणि फायली गेल्या, चिखलाचा गोळा झालता नुसता. त्यातलं जे परत उभं करता आलं ते सगळं मेलमधनं आलं, त्यांनी वेळोवेळी आम्हाला पाठवलेलं, 'हॅज:अटॅचमेंट' टाकून एकेक काढलं, तीन दिवस लागले. तेव्हापासनं प्रत्येक महत्त्वाचा कागद, खरेदीखत, विमा, गाडीचं आरसी, स्कॅन करून स्वतःलाच एक मेल टाकायचा, विषयात नीट मराठीत नाव लिहून, हे मी सगळ्यांना सांगतो. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेलं फोन बदलला की बऱ्याचदा जातं. आणि जुनं एखादं खातं नुसतं कागद साठवायला काढलं असेल तर वर्षातनं दोनदा उघडा, दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल पुसू शकतं.

मामांचं सगळं लावून दिलं त्याला आता तीन आठवडे झाले. काल संध्याकाळी फोन आला, "अरे ते वीस तारीख वीस तारीख म्हणून सारखं वाजतंय, बंद कसं करायचं?"

म्हटलं मामा, बिलं पाठवा की आधी.